लोटूचे अकरा दिवस

लोटू सुरतमध्ये एकोणीस वर्षं राबला आणि सुरतेतल्या एकाही मस्टरवर त्याचं नाव नव्हतं. हे मी छातीठोकपणे सांगतो, कारण मस्टर भरणारा मीच. मी सुकदेव. लूमच्या कारखान्यात मुकादम होतो, डिंडोलीच्या आमच्या वस्तीत मला सगळे नाना म्हणतात. मी तोंडानं फाटका आहे, त्यामुळे जे झालं ते तसंच सांगणार. कुणाला राग आला तर आला.

आमच्याकडची रीत आधी समजून घ्या. कारागिराला गावी जायचं असेल, ताप आला असेल, तर लूम उभा ठेवायचा नाही. आपल्या जागी बदली द्यायचा. बदलीवाला तुमच्या नावावर हजेरी लावतो, तुमच्या नावावर कापड काढतो, शेठ हाक मारतो तीही तुमच्याच नावानं. यात कुणाला काही खोटं वाटत नाही. लूम चालला ना, मग झालं.

लोटू हा आमचा बदलीवाला. अंगानं काटकुळा, बोलायला महाकंजूस, पण हात असा की कुठलाही लूम द्या, तासाभरात ओळखीचा. कधी भिकन, कधी तुकाराम, एकदा तर सलग चार महिने रामदास, कारण खऱ्या रामदासाचा पाय मोडला होता. दिवाळीला शेठनं मिठाईचा पुडा पुढं करत विचारलं, "तेरा नाम क्या है?" तर लोटू माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "नाना, आज मी कोन शे?" मी म्हटलं, आज तू सुपडू. मग सुपडूनं मिठाई घेतली. दर दिवाळीला मी त्याला सांगायचो, पुढच्या वर्षी तुला स्वतःची जागा देतो. दिली नाही. असा हुकमी माणूस एका जागी बांधून ठेवायला मी काय खुळा होतो?

आता पंडित. पंडित माझ्या बहिणीचा, भागीरथीचा मुलगा. बारावी झाला, उधन्याला कॉम्प्युटरचा क्लास केला आणि लूमच्या खडखडाटातून सुटला. एका विद्यापीठात रोजंदारीवर लागला. काम काय, तर विद्यापीठाची वेबसाइट सांभाळायची. हे अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णवचं सांगतोय. वेबसाइट म्हणजे काय ते पंडितनं मला चार वेळा समजावलं आणि मी चारही वेळा मान डोलावली. एवढं कळलं की निकाल, नोटिसा, अभ्यासक्रम एका कॉम्प्युटरवर मांडून ठेवायचे आणि फोनच्या तारेवरून जगात कुणीही बघायचे. आधी एकेक पान हातानं घडवावं लागायचं. मग तिथल्या चेवलीसाहेबांनी एक सिस्टिम बनवली. चौकटीत मजकूर टाका, बटण दाबा, पान रांगेत लागतं. वरचा साहेब मंजूर म्हणाला की जगाला दिसतं. कोणी, कधी, काय दाबलं हे सिस्टिम आपली आपण लिहून ठेवते, आणि प्रत्येक पानाच्या तळाशी येतं, आज हजर, पंडित. चेवलीसाहेब हुशार माणूस. सिस्टिम बनवली आणि मेमध्ये रजा काढून मुलीकडे अहमदाबादला निघून गेले.

मंजूर करणारे साहेब म्हणजे उपकुलसचिव रेशमवाला. हा माणूस कॉम्प्युटरला हात लावत नसे. प्रत्येक पान छापून त्यांच्या टेबलावर जायचं, ते तांबडी शाई लावून सही करायचे, मग पंडितनं त्यांच्या नावाचं बटण दाबायचं. त्यांचा गुप्त शब्द मॉनिटरला चिठ्ठीवर चिकटवलेला होता, सगळ्यांना दिसेल असा. आणि सही करायला साहेब सहा-सहा महिने घेत, कारण पान एकदा जगाला दिसलं की जबाबदारी आली.

त्याच्यावर कडी म्हणजे त्यांचा नियम. ऑफिस बंद तर वेबसाइट बंद. "रात्री कुणी काही वाचलं आणि त्याला शंका आली, तर उत्तर द्यायला तिथं कोण बसलंय?" असं ते विचारायचे, आणि खरं सांगतो, मला त्यात काही चूक दिसली नाही. तर पंडितनं सकाळी साडेदहाला साइट उघडायची, एक ते दीड जेवायला बंद करायची, संध्याकाळी सहा दहाला कुलूप. मधल्या वेळेत कुणी आलं तर पडद्यावर पाटी दिसायची, कार्यालय बंद आहे, कामाच्या वेळेत यावे. रविवारी दिवसभर पाटी.

पंडितचा जीव कशात अडकला होता, तर दोनशे चाळीस दिवसांत. कामाचे दोनशे चाळीस दिवस एकही खाडा न करता भरले की रोजंदार कायम होणार. एक दिवस चुकला की परत एकपासून. हजेरीचं मस्टर वेगळं नव्हतं, साइट कोणी उघडली तेच मस्टर. पोरगं तापातसुद्धा साडेदहाला जाऊन बटण दाबून यायचं. एप्रिल संपला तेव्हा त्याचे दोनशे एकोणतीस झाले होते. अकरा उरले.

आणि नेमकं तेव्हाच लग्न निघालं. मुलगी शिरपूरकडची, हर्षदा, बारावी शिकलेली. तारीख सहा मे, गुरुवार, आमच्या गावी, चोपडा तालुक्यात. पुढं ढकला म्हणावं तर पंधरवड्यात अधिक महिना लागत होता. अधिकात लग्न करायचं नाही, आणि मुलीचा बाप पावसाळ्यानंतरपर्यंत थांबायला तयार नाही. हळद, लग्न, जागरण, देवदर्शन, सगळं धरून अकरा दिवस जाणार होते. भागीरथी माझ्यासमोर बसून रडली. पंडित भिंतीकडे तोंड करून बसला.

मी म्हटलं, "त्यात काय? बदली द्या."

पंडित म्हणाला, "मामा, तो लूम नाही."

"लूम नाही तर काय देव आहे? सकाळी चालू करायचा, संध्याकाळी बंद. लोटूला देऊ."

माझं चुकलं म्हणता? आज कळतं चुकलं ते. तेव्हा मला वाटलं, वीस वर्षांच्या मुकादमकीचं हे सगळ्यात सोपं काम.

दोन दिवस आम्ही लोटूला शिकवलं. घरात कॉम्प्युटर कुठला? पाटावर कपड्यांच्या साबणाची वडी ठेवली, तोच माउस. पंडित म्हणायचा, डावीकडे सरकव, दाब. लोटू साबण सरकवून दाबायचा. पंडितनं वहीत पडद्याचं चित्र काढून दिलं. वर हिरवं बटण, ते उघडायचं. लाल, ते बंद करायचं. बाकी कशाला हात लावायचा नाही. लोटू चौथी शिकलेला, पण चित्र बघून पाठ करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. वडी झिजेपर्यंत त्यानं सराव केला.

मी पंडितला विचारलं, चेहऱ्याचं काय? तो म्हणाला, "मामा, तिथं माझा चेहरा कुणी पाहिलाय? काचेच्या खोलीत दाराकडे पाठ करून बसतो. चेवलीसाहेब सोडले तर खुर्चीत जो असेल तो पंडित."

तीन मेला लोटू खुर्चीत बसला. साडेदहाला हिरवं बटण दाबलं आणि पंडित हजर झाला. इथपर्यंत सगळं ठीक.

एक वाजला. लाल बटण दाबायचं होतं. लोटूच्यानं दाबवेना. त्याचं म्हणणं तो संध्याकाळी माझ्या दारात उभा राहून सांगायला लागला, "नाना, मशीन थांबस ते लाइट जास तवय, नहीतर धागा तुटस तवय. चालतं मशीन जेवाकरता कोन बंद करस?" एकोणीस वर्षं मीच त्याला शिव्या घालून शिकवलं होतं की चालू यंत्र थांबवणारा कारागीर नालायक. आता त्याला काय सांगू? मी म्हटलं, दुपारचं सोड, संध्याकाळी तरी बंद केलंस ना? त्यानं मान हलवली. संध्याकाळीही नाही केलं. वर म्हणाला, सकाळी बटण मी दाबतोच, हजेरी लागते.

दुसऱ्या दिवशी त्याला पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा दिसला. त्रेसष्ट. शेजारच्या प्यूनला खुणेनं विचारलं तर तो म्हणाला, रेशमवालासाहेबांच्या मंजुरीसाठी अडकलेली पानं आहेत, आठ महिन्यांपासून. लोटूला ते सहनच झालं नाही. तयार माल आठ महिने दाबून ठेवायचा म्हणजे काय? मॉनिटरवर चिठ्ठी होतीच. अक्षर अक्षर जुळवत त्यानं गुप्त शब्द टाकला आणि दुपारपर्यंत त्रेसष्टच्या त्रेसष्ट पानं मोकळी केली. घामाघूम होऊन आला, पण मी त्याला इतका खूश कधी पाहिला नव्हता.

मग जी मजा झाली ती ऐका. त्रेसष्टात एक पान रसायनशास्त्राच्या एका प्राध्यापकाच्या निवृत्तीच्या शुभेच्छांचं होतं. पान लिहून झाल्यावर त्यांना दोन वर्षांची मुदतवाढ मिळाली होती, म्हणून ते अडकवून ठेवलेलं. आता ते जगाला दिसलं. सकाळी माजी विद्यार्थी हार घेऊन वर्गात. प्राध्यापक म्हणाले, अहो मी अजून आहे. तर विद्यापीठाच्या हिशेबनिसानं पान छापून पुढं ठेवलं, खाली रेशमवालासाहेबांची मंजुरी. प्राध्यापक रेशमवालांकडे धावले. रेशमवालांनी पान पाहिलं, आपलं नाव पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. मी मंजूर केलंच नाही म्हणावं, तर गुप्त शब्द दुसऱ्याच्या हाती दिल्याचं कबूल करावं लागणार. ते शांतपणे म्हणाले, "साइट पर आ गया, तो आ गया." प्राध्यापकाला नारळ देऊन घरी पाठवलं. बिचाऱ्याच्या हातात खडू तसाच होता म्हणतात.

तिकडे परदेशात बसलेल्या सुरती लोकांना पहिल्यांदाच विद्यापीठाची साइट उघडी दिसली. आपली रात्र ती त्यांची दुपार, त्यामुळे आजवर त्यांनी पाटीशिवाय काही बघितलंच नव्हतं. एकानं थेट कुलगुरूंना फोन करून अभिनंदन केलं. कुलगुरूंनी रेशमवालांचं केलं. रेशमवाला गुलाबाचा गुच्छ घेऊन काचेच्या खोलीत आले आणि लोटूच्या हातात देत म्हणाले, "पंडितभाई, बहु सरस काम." लोटू उठून उभा राहिला, गुच्छ घेतला आणि म्हणाला, "जी." अकरा दिवसांत त्या ऑफिसात तो बोललेला एवढाच शब्द. गुच्छ त्यानं माझ्या बायकोला, शोभाला आणून दिला. तिनं तो पाण्याच्या माठावर ठेवला.

पंडित लग्न करून परतला. सोबत हर्षदा. दोनशे चाळीस भरलेले, वर अभिनंदन. रेशमवाला त्याच्याकडे बघून एवढंच म्हणाले, "पंडितभाई, थोडे गोरे झालात." जूनमध्ये कायम करण्याची फाइल निघाली. भागीरथीनं गल्लीत पेढे वाटले.

आता इथं आमच्या शहाण्या भाच्यानं काय केलं? फॉर्ममध्ये एक रकाना होता, विवाहित असल्यास तारीख लिहा, पुरावा जोडा. त्यानं पठ्ठ्यानं सहा मे लिहून लग्नपत्रिका जोडली. वर गणपती, खाली आमच्या घरच्या लेकरांची किलबिल. बारावी झालेला माणूस. मी तर कपाळावर हात मारला.

रेशमवालांनी त्याला बोलावलं. तो मला घेऊन गेला. साहेबांच्या टेबलावर एका बाजूला पत्रिका, सहा मे, दुपारी बारा दहा, तालुका चोपडा. दुसऱ्या बाजूला सिस्टिमचा कागद, सहा मे, साडेदहा, पंडित हजर, सुरत. साहेब चष्मा पुसत म्हणाले, "साइटवर तुम्ही इथं आहात. म्हणजे इथंच आहात. मग लग्न झालेलं नाही. लग्न झालं असेल तर तुम्ही इथं नव्हता, मग नोकरी नाही. दोन्हीतलं एक सांगा, मी लिहून घेतो."

खरं बोलावं तर दोनशे चाळीस गेले. खोटं बोलावं तर बायको गेली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, तसली गत. मी तोंड उघडलं, परत लग्न लावतो म्हणालो, डिंडोलीत, साहेब तुम्हीही या. साहेब म्हणाले, मग तारीख नवी लिहा, तोवर अविवाहित. आम्ही घरी आलो आणि हे हर्षदाला सांगितलं.

ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "मामा, माझं लग्न झालंय. सातशे माणूस जेवलं. मी परत नाही उभी राहणार."

पंडित म्हणाला, "फक्त कागदावर गं."

"मग तुमची नोकरी कागदावर ठेवा ना. मला कशाला?" एवढं बोलून तिनं भाकरी तव्यावर टाकली. नंतर परातीवर वाकून ती रडत होती, आवाज न करता. मला फार वाईट वाटलं. महिनाभरापूर्वी घरात आलेली पोर, आणि आम्ही तिला सांगत होतो की तू अजून आली नाहीस.

चार दिवसांनी रेशमवालांनी स्वतःच वाट काढली. असल्या माणसांची डोकी कुठं चालतात बघा. त्यांना कुठून तरी आमच्या बदलीच्या रीतीचं कळलं होतं. ते आनंदानं म्हणाले, "तुमच्यात बदली देतात ना? मग सोपं आहे. पंडितभाई ऑफिसात होते. लग्नाला बदली उभा केला. पंडितच्या नावानं त्यानं हार घातला, लग्न पंडितचंच धरलं जाईल. नोकरीही राहिली, बायकोही राहिली. फक्त त्या बदलीवाल्याची सही आणा."

ऐकायला घाण वाटलं, पण मी पंडितकडे पाहिलं. लूमवर परत जायचं नाही, एवढंच त्याच्या डोळ्यात होतं. मी म्हटलं, कागदावरच तर आहे. आणि मी लोटूला घेऊन गेलो. वाटेत त्याला सांगितलं, सही करायची, आज तू लग्नातला पंडित. त्यानं नेहमीसारखी मान हलवली. हर्षदाला कुणी सांगितलं माहीत नाही, पण आम्ही पोचलो तेव्हा ती ऑफिसच्या व्हरांड्यात डोक्यावर पदर घेऊन उभी होती. तिनं लोटूकडे बघितलं फक्त. मग आमच्या मागोमाग तीही आत आली.

पंडित माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. साहेबांनी कागद पुढं सरकवला. चेवलीसाहेब परत आले होते, तेही बसलेले. लोटूनं पेन घेतलं. मग दाराशी उभ्या असलेल्या हर्षदाकडे पाहिलं आणि पेन खाली ठेवलं.

"नही साहेब," तो म्हणाला. "नाव कोनबी देवो, मी लेस. दुसरानी बायको मी नही लेवाव." आणि काचेच्या खोलीकडे बोट करून म्हणाला, "मी तठे व्हतू. अकरा दिन. मशीन मी चालाडं."

रेशमवालांनी पंडितला विचारलं, हे खरं? मी पंडितच्या पायावर पाय दिला. खोटं कशाला सांगू, दिला. पंडितनं पाय काढून घेतला. तो म्हणाला, "खरं आहे. मी माझ्या लग्नात होतो."

मग चेवलीसाहेबांनी आम्हाला काचेच्या खोलीत नेऊन सिस्टिम उघडली. खाडाखोड करता येत नव्हती, पण दुरुस्तीची सोय होती. रेशमवाला म्हणाले, जबाबदारीचा प्रश्न आहे, त्या अकरा दिवसांवर ज्यानं दाबलं त्याचंच नाव पाहिजे. नाव विचारलं. लोटूनं सवयीनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, लोटू. चेवलीसाहेबांनी टाइप केलं. तीन मे, लोटू हजर. चार मे, लोटू हजर. असं रविवार सोडून चौदा मेपर्यंत. पंडितचे दोनशे चाळीस तिथंच मोडले. साहेब म्हणाले, खोट्या हजेरीपायी मागचे सगळे बाद, उद्यापासून पहिला दिवस. पंडित म्हणाला, "चालेल." हर्षदानं पदराआडून डोळे पुसले आणि ती बाहेर जाऊन उभी राहिली.

लोटू पडद्याजवळ गेला. चौथीची अक्षरं, पण आपलं नाव त्याला वाचता आलं. बोट काचेला न लावता, जरा लांबूनच, त्यानं ओळी मोजल्या. अकरा. मग चेवलीसाहेबांना हळूच विचारलं, ह्या दिवसांतून पंडितला काही देता येतील का.

चेवलीसाहेब म्हणाले, "नाही हो. हे कुणाला देता येत नाहीत. हे तुमचेच."

"मना?" लोटू म्हणाला. तो वळून माझ्याकडे बघायला लागला. "मंग मी त्यासनं काय करू, नाना?"

एकोणीस वर्षं रोज सकाळी त्याला दुसऱ्याचं नाव मीच देत होतो, आणि तो ते घेत होता. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, चल, घरी जाऊ. पण तो हलला नाही, पडद्याकडेच बघत राहिला, आणि मलाही त्याला ओढवेना.